नकार ऐकू येणारा पुरुष

मिस्टर कॉलिन्सला नकार ऐकूच येत नाही. एलिझाबेथ बेनेट त्याला एकदा सांगते, दुसऱ्यांदा सांगते, मग अगदी फोड करून सांगते, आणि प्रत्येक वेळी तो आणखीच खूश होतो. खानदानी मुली आधी 'नाही'च म्हणतात, अशी त्याची पक्की समजूत आहे. मग तो हिशेब मांडतो. तुझ्या वाट्याला चार टक्क्यांच्या रोख्यांतले एक हजार पौंड, तेही आई गेल्यावर. तेव्हा दुसरं स्थळ सांगून येईलच याची खात्री काय? लग्नानंतर या कमीपणाबद्दल अवाक्षर काढणार नाही, असं आश्वासनही वर देतो. हा प्रसंग जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधला; ही कादंबरी १८१३ साली छापली गेली. मी पहिल्यांदा हा प्रसंग वाचला तेव्हा पोट धरून हसले होते. हसता हसता आठवलं, की 'मुलगी लाजतेय हो, होकारच समजा तिचा' हे वाक्य आमच्याच नात्यातल्या एका बैठकीत, पोह्यांच्या बशा हातात असताना, मी स्वतः ऐकलेलं आहे.

इंग्लंडच्या त्या काळावर, म्हणजे १८११ ते १८२० च्या 'रीजन्सी'वर, बेतलेल्या प्रेमकथा मी कॉलेजपासून वाचत आलेय. 'अजून ते ड्यूक आणि घोडागाड्या सुरूच का?' असं भाऊ दर दिवाळीला विचारतो. त्यालाच कशाला, बऱ्याच जणांना वाटतं की बायका या पुस्तकांत झगे, नाच आणि हवेल्या शोधतात. शोधतात ना, मीही शोधते. पण झगे आणि हवेल्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातही होत्या, फ्रान्सच्या राजवाड्यांत तर याहून भारी होत्या. मग जगभरच्या वाचकांना जेमतेम नऊ वर्षांच्या याच तुकड्याचं वेड का? मला वाटतं, या कथांचा प्राण नकारात आहे. मुलगी नाही म्हणते. ते 'नाही' ऐकू न येणारे पुरुष गोष्टीत ढिगाने असतात आणि एकाला ते ऐकू येतं. तो नायक.

त्याच कादंबरीतल्या डार्सीचं पाहा. वर्षाला दहा हजार पौंडांचं उत्पन्न, पेम्बर्लीसारखी इस्टेट, आणि मागणी घालायला येतो तो 'तुझं घराणं माझ्या तोलाचं नाही, तरी बघ मी आलोय' अशा थाटात. एलिझाबेथ त्याला उभ्या उभ्या धुडकावून लावते. इथवर तो आणि कॉलिन्स एकाच माळेचे मणी, फक्त एकाकडे पैसा जास्त. फरक पडतो तो यानंतर. डार्सी वाद घालत बसत नाही, तिच्या वडिलांकडे जात नाही, तिला कोंडीत पकडत नाही. एक पत्र हातात देतो आणि निघून जातो. कित्येक महिन्यांनी दोघं पुन्हा मोकळेपणाने बोलतात तेव्हा तिने रागाच्या भरात बोललेलं वाक्य त्याला शब्दन् शब्द पाठ असतं. दोनशे वर्षं बायका या माणसावर भाळल्या आहेत त्या पेम्बर्लीमुळे, असं खुशाल म्हणा. एलिझाबेथसुद्धा थट्टेत तेच म्हणते. मला मात्र ते पाठ झालेलं वाक्य पेम्बर्लीहून मोठं वाटतं.

जेन ऑस्टिनला नकाराची किंमत चांगली ठाऊक होती. २ डिसेंबर १८०२ च्या संध्याकाळी हॅरिस बिग-विदर नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने तिला मागणी घातली. मॅनीडाउन पार्क ही मोठी इस्टेट त्याच्याकडे येणार होती, त्याच्या बहिणी जेनच्या मैत्रिणी होत्या, आणि तिला सत्तावीस पूर्ण व्हायला दोन आठवडे उरले होते. तिने होकार दिला. रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो परत घेतला. त्या रात्री तिच्या मनात काय चाललं असेल ते कुणालाच माहीत नाही, पण एवढं खरं की होकार टिकला असता तर पुढच्या कादंबऱ्या बहुधा लिहिल्याच गेल्या नसत्या. (त्याच महिन्याच्या ३१ तारखेला इकडे वसईत दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेच्या तहावर सही केली. त्यालाही एक रात्र विचाराला मिळाली असती तर, असं मला उगाच वाटून जातं.)

या नकाराला एवढं वजन का होतं ते कायदा पाहिला की कळतं. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये लग्न झालं की कायद्याच्या लेखी बायकोचं वेगळं अस्तित्वच संपायचं. तिचा पैसा, तिची कमाई, अंगावरचे दागिनेसुद्धा नवऱ्याचे. मुलांवर हक्क बापाचा. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचे कायदे आले ते १८७० आणि १८८२ मध्ये. घटस्फोट हवा तर १८५७ पर्यंत पार्लमेंटमधून स्वतंत्र कायदा पास करून आणावा लागे, म्हणजे तो श्रीमंत पुरुषांचाच खेळ. १७५३ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्या मुलामुलींना पालकांच्या संमतीशिवाय परवान्यावर लग्न करता येत नसे. म्हणून तर या कादंबऱ्यांतली जोडपी रात्री-बेरात्री स्कॉटलंडच्या हद्दीतल्या ग्रेटना ग्रीनकडे घोडे पिटाळतात. तो कायदा तिथे लागू नव्हता. थोडक्यात, मुलीच्या हातात आयुष्यभरात एकच निर्णय, आणि तोही कुणी विचारलं तर. ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'मध्ये हेन्री टिल्नी नाचाची आणि लग्नाची तुलना करताना हेच बोलून जातो, की दोन्हीकडे निवडायचं पुरुषाने, बाईच्या हाती फक्त नकार. तो हे हसत हसत म्हणतो. वाचणाऱ्या बाईला तेवढं हसू येत नाही.

आणि ज्याच्या नावाने हा काळ ओळखला जातो तो प्रिन्स रीजंट तर नवरा म्हणून नमुनाच होता. तिसरा जॉर्ज मानसिक आजाराने राज्य चालवण्याच्या स्थितीत राहिला नाही, म्हणून ५ फेब्रुवारी १८११ ला त्याचा मुलगा प्रतिशासक झाला आणि २९ जानेवारी १८२० ला बाप वारेपर्यंत राहिला. या चिरंजिवांनी आधी मारिया फिट्झहर्बर्टशी चोरून लग्न केलं होतं, जे राजघराण्याच्या कायद्यात बसत नव्हतं. नंतर डोक्यावरचं कर्ज फिटावं म्हणून १७९५ मध्ये ब्रन्सविकच्या कॅरोलाइनशी लग्न लावून घेतलं. तिला प्रथम पाहिल्यावर त्याने ब्रँडी मागवली, असं सांगतात. ऑस्टिनने एका पत्रात कॅरोलाइनबद्दल लिहिलंय, की जमेल तोवर मी तिची बाजू घेईन, कारण ती बाई आहे आणि कारण मला तिच्या नवऱ्याचा तिटकारा आहे.

या दोघांची एकुलती एक मुलगी शार्लट. बापाने तिचं लग्न नेदरलँड्सच्या ऑरेंज घराण्यातल्या राजपुत्राशी ठरवलं. १८१४ च्या जूनमध्ये तिने ते मोडलं. बापाने तिला जवळजवळ नजरकैदेत टाकण्याचा हुकूम काढला, तेव्हा ही अठरा वर्षांची राजकन्या घरातून थेट रस्त्यावर पळाली आणि भाड्याची घोडागाडी पकडून आईकडे गेली. तिला परत आणलं गेलं, पण ऑरेंजचं स्थळ मात्र कायमचं बारगळलं. १८१६ मध्ये तिने स्वतःच्या पसंतीच्या, कोबर्ग या जर्मन घराण्यातल्या लिओपोल्डशी लग्न केलं. एखाद्या लेखिकेने हा प्रसंग रचला असता तर संपादक म्हणाले असते, जरा अतीच होतंय.

पुढची गंमत अशी की या काळाची जी मूळ लेखिका, तिनेच ऐतिहासिक प्रेमकथा लिहायला साफ नकार दिला होता. रीजंट तिच्या पुस्तकांचा चाहता निघाला. त्याच्या ग्रंथपालाने सुचवल्यावरून १८१५ च्या डिसेंबरात 'एमा' त्याला अर्पण करावी लागली. त्याच ग्रंथपालाने नंतर लिहिलं, की आता कोबर्ग घराण्यावर एखादी ऐतिहासिक प्रेमकथा लिहा. तिने अतिशय नम्रपणे कळवलं, की जीव वाचवण्याखेरीज इतर कोणत्याही कारणासाठी मला गंभीर प्रेमकथा लिहायला बसणं शक्य नाही. ती लिहीत होती ते तिच्या डोळ्यांसमोरचं जग होतं. त्या जगाला 'ऐतिहासिक' केलं ते शंभराहून जास्त वर्षांनी जॉर्जेट हेयरने.

हेयरची पहिली कादंबरी १९२१ ची, ती एकोणीस वर्षांची असतानाची. आजारी भावाचं मन रमावं म्हणून तिने ती गोष्ट रचली होती. १९३५ च्या 'रीजन्सी बक'पासून तिने हा काळ हाती घेतला आणि त्यावर असा काही मुलूख वसवला की आज ज्याला आपण रीजन्सी कादंबरी म्हणतो तिचं सगळं सामान तिच्याच दुकानातलं. ऑस्टिनच्या गोष्टीत ड्यूक नायक नसतात. धर्मोपदेशक, नौदलातले अधिकारी, गावचे जमीनदार असतात. हेयरने लंडनचा बडा समाज आणला, तरुण सरदारांची चावट बोली आणली आणि अल्मॅक्स आणलं. सेंट जेम्स भागातला हा बुधवारच्या नाचाचा क्लब. कुणाला प्रवेशपत्र द्यायचं ते तिथल्या मोजक्या उच्चकुलीन बायका ठरवत. अकरानंतर दार बंद. खायला पातळ कापलेला ब्रेड-बटर, प्यायला लिंबाचं सरबत आणि चहा. आसईला शिंदे-भोसल्यांच्या तोफांवर चालून गेलेला वेलिंग्टनही एकदा तिथून परत पाठवला गेला, असा किस्सा सांगतात. मला तो खरा असावासा वाटतो. बाहेर पार्लमेंट पुरुषांचं, सैन्य पुरुषांचं, इस्टेटी पुरुषांच्या, आणि एका दारावर मात्र बायका उभ्या, 'नाही' म्हणायला. हेयर पुन्हा पुन्हा त्या दारापाशी का जाते ते लगेच कळतं.

यातलं काही ती लिहीत होती तेव्हा इंग्लंडमध्ये युद्ध होतं, कपडे आणि लोणी रेशनवर होतं. 'फ्रायडेज चाइल्ड' १९४४ चं. मुलाखती न देणाऱ्या, चाहत्यांच्या पत्रांना फारशी किंमत न देणाऱ्या हेयरने एक पत्र मात्र जपून ठेवलं होतं. रुमानियात राजकीय कैदी म्हणून बारा वर्षं काढलेल्या एका बाईचं. पुस्तक जवळ नव्हतं. तिने याच कादंबरीची गोष्ट कोठडीतल्या बायकांना तोंडी सांगून सांगून सगळ्यांचं डोकं ठिकाणावर ठेवलं होतं. या पत्राबद्दल वाचल्यापासून 'टाइमपास वाचन' हा शब्द मी जरा जपून वापरते.

हेयरचं सगळंच मला पचतं असं नाही. 'रीजन्सी बक'मध्ये नायक सुरुवातीलाच नायिकेचं तिच्या मनाविरुद्ध चुंबन घेतो आणि तरी तोच नायक राहतो. ते पुस्तक मी पुन्हा उघडत नाही. 'द ग्रँड सोफी'तला ज्यू सावकार तर, महायुद्ध संपून पाच वर्षं झाल्यावर लिहिलेला, वाचवत नाही. पण मग 'कोटिलियन' येतं. त्यात देखणा, बेदरकार, सगळ्यांना हवाहवासा जॅक आहे आणि त्याचा चुलत-मावस गोतावळ्यातला भाऊ फ्रेडी. फ्रेडी बुद्धीने बेताचा, दिसायला बेताचा, कपड्यांचा शौकीन. नायिका किटीला लंडनमध्ये काय घालावं, कुठे जाऊ नये, कुणापासून चार हात लांब राहावं हे तो तिचा अपमान न करता सांगतो, आणि ती काय म्हणते ते ऐकून घेतो. शेवटी ती फ्रेडीला निवडते. १९५३ साली एवढं करायला धाडस लागत होतं. आजही बऱ्याच लेखिका जॅकलाच सुधारून घेत बसतात.

ही पुस्तकं आमच्यापर्यंत आली ती दादरच्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्ररीतून, कोपरे दुमडलेली, कव्हरला खाकी कागद. मिल्स अँड बूनच्या ढिगात हेयर लपलेली असे. पुढे कळलं की ऑस्टिनच्या काळातही वाचणाऱ्या मुली अशाच वर्गणी भरून पुस्तकं आणत. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे तीन भाग अठरा शिलिंगांना होते. विकत घेणं म्हणजे चैन. माझं इंग्रजी तेव्हा यथातथाच, त्यात हेयरच्या सरदारांची बोली. निम्मं कळायचं नाही. पण मागणी घालण्याचा प्रसंग आला की सगळं कळायचं. घरात तेव्हा मोठ्या बहिणीसाठी स्थळं पाहणं सुरू होतं. पगार, फ्लॅट कुणाच्या नावावर, धाकट्या दिराचं शिक्षण किती राहिलंय, हे सगळं मी रोज ऐकत होते. अमेरिकेतल्या कॉलेजकन्यांच्या प्रेमकथा मला खोट्या वाटायच्या, कारण तिथे कुणी पैशाचं बोलतच नसे. या कादंबऱ्यांत पहिल्याच पानावर माणसाचं वार्षिक उत्पन्न कळतं. ते लपवत नाहीत, म्हणून पुढचं प्रेम मला खरं वाटलं.

पैशाचं निघालंच आहे तर तो येतो कुठून, हे वय वाढल्यावर डोळ्यांत खुपायला लागलं. नायिकेचा तो पांढरा झुळझुळीत झगा मलमलीचा. हेन्री टिल्नी अस्सल हिंदुस्थानी मलमल आपण कशी स्वस्तात मिळवली याची फुशारकी मारतो. ऑस्टिनच्याच 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये लेडी बर्ट्रमला वाटतं, भाच्याने पूर्वेकडे जावं म्हणजे मला शाल मिळेल; क्षणभर थांबून म्हणते, दोनच असू देत. त्याच घराचा पैसा अँटिग्वातल्या मळ्यांमधून येतो आणि तिथे राबतात ते गुलाम. 'पर्स्वेजन'चा वेंटवर्थ, माझा सगळ्यांत लाडका, पंचवीस हजार पौंड घेऊन परततो ते शत्रूची जहाजं पकडून मिळालेल्या लुटीच्या वाट्याचे. लुटीचा वाटा हा तेव्हा अगदी प्रतिष्ठित उत्पन्नाचा मार्ग होता. आणि तसाच वाटा दख्खनमधूनही गेला. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. दुसऱ्याच दिवशी, ६ तारखेला, तिकडे ती पळून गेलेली राजकन्या शार्लट बाळंतपणात वारली आणि अख्खं इंग्लंड काळ्या कपड्यांत गेलं. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या बातमीला काही महिने मुकलेली. पुढच्या वर्षी पेशवाई संपली, त्र्यंबकेश्वरचा नाशिक हिरा इंग्रजांच्या हाती लागला आणि लंडनच्या रंडेल अँड ब्रिजकडे विकला गेला. हे रीजंटचे सराफ. कादंबरीतला सरदार नायिकेसाठी जडजवाहीर घ्यायला याच पेढीवर जातो, तेव्हा माझं लक्ष प्रेमप्रसंगावरून उडतं.

म्हणून मी वाचणं सोडलं का? नाही. मधल्या काळात 'ब्रिजर्टन' या वेब मालिकेने दुसऱ्या पर्वात शर्मा बहिणी आणल्या, त्यांना हळदही लावली. त्या वडिलांना अप्पा म्हणतात, थोरलीला दीदी आणि धाकटीला बंगालीत बोन. एका घरात अख्खा हिंदुस्थान. आम्ही मैत्रिणींनी यथेच्छ टिंगल केली आणि सगळे भाग एका बैठकीत पाहिले.

पण नकाराचा धागा धरून गेलं की मला ब्रिजर्टनपेक्षा मुंबईचं एक खरं प्रकरण जास्त जवळचं वाटतं. ऑस्टिनचं पहिलं पुस्तक १८११ मध्ये निघालं तेव्हा त्यावर तिचं नाव नव्हतं. 'बाय अ लेडी' एवढंच होतं. १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रं आली, खाली सही 'अ हिंदू लेडी'. ती रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लागलेली, दादाजी भिकाजी या नवऱ्याकडे नांदायला साफ नकार देणारी. नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, पण तो अपिलात फिरला आणि १८८७ मध्ये हुकूम झाला, की नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. तिने कैद पत्करते म्हणून सांगितलं. नांदायला लावण्याचा हा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हेच. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून इकडे आलेला. आणि खुद्द इंग्लंडने त्यातली कैद १८८४ मध्येच काढून टाकली होती. इकडे 'केसरी' तिच्यावर तुटून पडला होता. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. रीजन्सी कादंबरी लग्नाच्या दारात संपते. दाराच्या आत गेल्यावर 'नाही' म्हटलं तर काय होतं, ते सांगायला रखमाबाई लागली.

दाराच्या आत जाणारी हेयरचीही एक कादंबरी आहे, १९६१ ची 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट'. स्पेनच्या युद्धातून लंगडत परतलेला ॲडम बापाच्या कर्जात बुडालाय. प्रेम सुंदर ज्युलियावर, लग्न करतो जेनीशी, कारण तिचा बाप चॉली हा गडगंज व्यापारी. जेनी जाड, साधी, मुकाट्याने सगळं पाहणारी. लग्न पहिल्या काही प्रकरणांतच होतं. मग उरलेलं पुस्तकभर दोघं एकमेकांची सवय करून घेतात. हेयरच्या चाहत्यांत या पुस्तकावरून उभी फूट आहे; निम्म्या म्हणतात, जेनीची फसवणूक झाली. मला कॉलिन्सला होकार देणारी शार्लट ल्यूकस आठवते. सत्तावीस वर्षांची, सगळं समजून उमजून होकार देणारी. ऑस्टिन तिला फारसं बोलू देत नाही. हेयरने जेनीला पुस्तकभर जागा दिली.

आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून परवा दुपारी मी तिला ही गोष्ट तोंडी सांगितली. जेनीचं तिला काहीच नवल वाटलं नाही. 'मग काय तर, आमची सगळ्यांची अशीच झाली,' म्हणाली. तिला आवडला चॉली, लेकीच्या घरी न विचारता भारी भारी वस्तू पाठवणारा, मोठ्याने बोलणारा. दुसऱ्या दिवशी 'अजून एखादी सांग' म्हणाली, तेव्हा मी फ्रेडी घेतला. किटी, जॅक, खोटा साखरपुडा, कपड्यांची खरेदी, सगळं रंगवून सांगितलं. आईने भाजी निवडता निवडता हात थांबवला.

"मुलगा चांगला आहे. पण हा पोटापाण्याला काय करतो?"

"काहीच नाही गं. बापाचा पैसा आहे."

"आणि बापाला कुठून आला?"

मग मलमलीपासून सुरुवात करावी लागली. फ्रेडीचं लग्न त्या दिवशी राहिलंच.